तुम्ही गावाला गेलात की मांजर खाणं सोडतं? ताटलीआधी वाळू बघा

घराला कुलूप लावून तुम्ही निघता. मांजर घरातच. शेजारच्या कुणीतरी सकाळ-संध्याकाळ येऊन खायला घालायचं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी फोन वाजतो आणि यातलं काहीतरी ऐकू येतं:

- ताटली भरलेली तशीच आहे. मांजर वास घेतं आणि निघून जातं.
- मांजर दिसतच नाही. पलंगाखाली किंवा माळ्यावर बसलंय म्हणे.
- शी-लघवीच्या डब्यातली वाळू कोरडी आहे आणि गादीवर किंवा तुमच्या कपड्यांवर लघवी केली आहे.
- रात्रभर दाराशी बसून ओरडतं.
- एकदा-दोनदा उलटी झाली.
- पोटावरचे केस चाटून चाटून काढलेत.

आणि मग ठरलेलं वाक्य: "रुसलीय हो, तुम्ही आलात की खाईल."

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात चौदा वर्षं मांजरं आहेत आणि जवळपास तितकीच वर्षं मी नात्यातली, शेजारची मांजरं सांभाळते आहे. पुण्याला लग्न, कोल्हापूरला देवीची ओटी, दिवाळीला माहेर, काही निघालं की किल्ल्या माझ्याकडे येतात. "रुसलीय" या एका शब्दाने किती दिवस वाया जातात हे मी पाहिलं आहे. मांजराचा रुसवा म्हणून आपण जे सोडून देतो, ते बहुतेक वेळा घडी विस्कटल्याचं लक्षण असतं आणि कधीकधी खरंखुरं आजारपण. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाण्याची वेळ, सांभाळणारं माणूस असा रोजचा क्रम बदलला की धडधाकट मांजरंसुद्धा कमी खातात, उलट्या करतात आणि वाळूबाहेर घाण करतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे शोधायचं ते रुसव्याचं कारण नाही, काय बदललं ते.

खालच्या तपासण्या मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने दिल्या आहेत. सुरुवातीच्या फुकटातल्या आहेत आणि गावाहून फोनवरूनही करून घेता येतात.

पहिली गोष्ट वाळू

सगळे ताटलीचा फोटो पाठवतात. मी आधी वाळूचा मागते. एक दिवस जेवण चुकलं तर मोठं मांजर तग धरतं, लघवी अडली तर धरत नाही. गोळे होणारी बेंटोनाइट मातीची वाळू असेल तर दिवसाला साधारण दोन ते चार लघवीचे गोळे निघतात. सांभाळणाऱ्याला एवढंच सांगा: गोळे काढताना मोजायचे आणि आकडा कळवायचा. लाकडाची किंवा कागदाची वाळू असेल तर सहसा गोळे होत नाहीत, तेव्हा ती रोज बदलायची आणि ओली जागा किती आहे ते बघायचं.

बोका असेल तर हे वाक्य कागदावर लिहून ठेवा: वारंवार वाळूत जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरकडे निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. ती बंद झाली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. ताणामुळे मूत्राशयाला सूज येणं मांजरांत नेहमीचं आहे, त्यामुळे तुम्ही बाहेरगावी असतानाच हे होण्याची शक्यता जास्त. पुष्कळ जण याला बद्धकोष्ठ समजतात, कारण बसण्याची ढब तशीच दिसते. तो फरक घरी ओळखत बसू नका.

खाल्लं, पण कुणी खाल्लं?

आमच्या समोरच्या बेन एकदा चार दिवस "खाई लीधुं, खाई लीधुं" (खाल्लं, खाल्लं) असं कळवत राहिल्या. ताटली खरोखर रिकामी होत होती. परत येऊन बघते तर आमची चिमी निम्मी झालेली. मागच्या खिडकीच्या गजांतून पोळातला, म्हणजे आमच्या गल्लीतला, पिवळा बोका येत होता, चिमीला कपाटावर पिटाळत होता आणि जेवून जात होता. बेनची काही चूक नव्हती, त्यांनी दिसलं ते सांगितलं. तेव्हापासून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढून ठेवते. कोरडं खाणं तोलून घालायचं, दुसऱ्या वेळी उरलेलं तोलायचं, आणि आपण असताना मांजर किती खातं तो आकडा शेजारी लिहून ठेवायचा. खिडकीला बारीक जाळी असेल तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

मुंग्यांचंही बघा. ताटलीत चार मुंग्या असल्या तरी पुष्कळ मांजरं तोंड लावत नाहीत. परातीत पाणी घालून मधोमध ताटली ठेवायची, आजी दुधाच्या पातेल्याला करायची तसं.

डोळ्यांनी बघितलं का?

"दिसली नाही, पण असेल कुठेतरी" हे उत्तर मी आता ऐकून घेत नाही. मांजलपूरच्या भाच्याचं मांजर दीड दिवस लोखंडी कपाटात होतं. सांभाळणाऱ्या मुलाने टॉवेल काढायला कपाट उघडलं, मांजर मागून आत गेलं, दार लोटलं गेलं. मुलाला वाटलं, लपलंय. उन्हाळा असता तर ते वाचलं नसतं. प्रत्येक फेरीत मांजर प्रत्यक्ष दिसलंच पाहिजे, टॉर्चच्या उजेडात पलंगाखालचे दोन डोळे दिसले तरी चालतील. बाहेर मात्र ओढून काढू नका. लपलेलं मांजर ओढून काढलं की पुढचे दोन दिवस ते त्या माणसासमोर खात नाही. जायच्या आधी सगळी कपाटं, माळ्याचं दार, दिवाणाचा खण बंद करा आणि लपायला एक जागा मुद्दाम मोकळी ठेवा, आडवं टाकलेलं खोकं पुरतं.

खाणं तेच आहे का, आणि देणाऱ्याला ते देववतं का?

आपल्या शहरात हा प्रश्न नाजूक आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या आसपास पुष्कळ घरं शाकाहारी आहेत, काही जैन आहेत. माया भरपूर असते, पण मासळीचं पाकीट फोडून ताटलीत काढणं त्यांना जमत नाही, आणि शेजारधर्मापोटी तोंडावर नाही म्हणवत नाही. मग मांजराला दूध मिळतं, दूध-पोळी मिळते, एकदा तर खाकरा कुस्करून मिळाला होता. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही, जुलाब होतात. जुलाबाने अंगातलं पाणी जातं, भूक आणखी मरते, आणि आपल्याला फोन येतो की रुसलीय.

एका काकूंनी तिसऱ्या दिवशी रडकुंडीला येऊन मला खरं सांगितलं की त्या पाकिटाच्या वासाने त्यांना जेवण जात नव्हतं. त्यांना त्या अवघडीत टाकणारे आपणच. आधी, मोकळेपणाने, पर्याय हातात ठेवून विचारावं: "तुम्हाला हे हाताळायला नको असेल तर मी कोरड्या दाण्यांचे डबे भरून ठेवते, तुम्ही फक्त झाकण उघडून ओतायचं." प्रत्येक वेळेचं खाणं तोलून वेगळ्या डबीत भरायचं, वर वार आणि सकाळ-संध्याकाळ लिहायची. मांजर ओल्या खाण्याचंच असेल तर दुसरं माणूस शोधायचं. कोरडं खाणं ऐनवेळी सुरू करू नका, निघायच्या आठ-दहा दिवस आधीपासून थोडं थोडं मिसळत न्या. एकदम बदललं की मांजर नाक वळवतं आणि तपासायला आणखी एक कारण वाढतं. कोरड्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्यात पाऊणभर, म्हणून कोरड्यावर ठेवताना पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी हवीत, तीही वाळूपासून लांब.

ओलं खाणं द्यायचं असेल तर मे महिन्यात ते तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. बेचाळीस अंशांत त्याचा वास लवकर बदलतो आणि मांजर वासावर जेवतं. फ्रिजमधलं थंडगार दिलं तर वासच येत नाही. वाटी गरम पाण्यात दोन मिनिटं धरून कोमट करायची. न खाणाऱ्या मांजरांपैकी कितीतरी मी एवढ्यावर खाती केली आहेत.

वाळूची जागा

उन्हाळ्यात गॅलरीतली वाळू दुपारी तापते, मांजर पाय ठेवत नाही. न्हाणीघरात ठेवली तर वाऱ्याने दार लोटलं जातं. दार सुतळीने कडीला बांधून टाका, नुसती वीट लावून भागत नाही. आपण रोज दोनदा साफ करत असू आणि सांभाळणारा दोन दिवसांनी, तर एक डबा जास्तीचा ठेवा. एका मांजराला दोन डबे. वाळूची जात या दिवसांत बदलू नका, स्वस्त मिळाली तरी.

चादर धुऊ नका

गावाला जाताना आपल्याकडे घर लख्ख करून, चादरी धुऊन, गाद्या गुंडाळून निघायची पद्धत आहे. मांजराच्या बाजूने बघा: माणसं गेली, आणि माणसांचा वासही गेला. तुम्ही आठवडाभर वापरलेली चादर किंवा जुनी सुती साडी तशीच, मांजर एरवी झोपतं तिथे टाकून जा. त्याने गाल घासलेले कोपरे, दाराच्या कडा फिनेलने पुसू नका, त्या त्याच्या खुणा आहेत. खर्च काहीच नाही, आणि गादीवर लघवी होण्याचे प्रकार माझ्या पाहण्यात याने खूप कमी झाले.

माणूस आणि वेळ

इथून पुढे पैसे नाहीत तरी मेहनत आहे. दिवसातून एक फेरी पुरत नाही, दोन हव्यात. त्या तुमच्याच जेवणाच्या वेळांना, आणि शक्यतो एकाच माणसाने करायच्या. "आज हा जाईल, उद्या ती" असं केलं की मांजराला रोज नवा पाहुणा. आल्यावर खाणं ओतून लगेच निघायचं नाही. वीस मिनिटं जमिनीवर बसायचं, फोन बघत बसलं तरी चालेल, फक्त मांजराकडे टक लावून बघायचं नाही. त्याने पाहिलं तर सावकाश डोळे मिटून उघडायचे. लाजाळू मांजर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर येतं.

यासाठी रंगीत तालीम करा. तुम्ही घरी असताना त्या माणसाने दोनदा येऊन स्वतःच्या हाताने खायला घालायचं. मग तुम्ही एका रात्रीपुरते बाहेर जायचं, अहमदाबादला नाहीतर कुणा नातेवाइकाकडे. त्या एका रात्रीत कुलूप अडकतं, जाळीतलं भोक सापडतं, वाळूचं फावडं कुठे आहे ते विचारणारा फोन येतो. आठ दिवसांच्या प्रवासात हे कळण्यापेक्षा परवडलं.

आपल्याकडचे दोन वाईट मोसम

उत्तरायणला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, बाहेर जायचं असेल तर एक काम आधी: तेरा जानेवारीपासून गॅलरी आणि गच्चीचं दार बंद, आणि पुढचे चार-पाच दिवस घरात मांजाचा तुकडा राहिलेला नाही याची खात्री. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच ओढला जातो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात उतरतो, आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि दोरा त्याला कापत जातो. म्हणून सणानंतर दोन-तीन दिवसांनी "खात नाही, उलट्या करतं" असा फोन आला की मी पहिला प्रश्न मांजाचा विचारते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. तसाच घेऊन डॉक्टरकडे. शिवणाच्या सुई-दोऱ्याचंही तेच.

दुसरा मोसम पावसाचा. २०२४ च्या ऑगस्ट अखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा समा भागात एका ओळखीच्यांचं मांजर दुसऱ्या मजल्यावर एकटं होतं. मालक पुण्यात, किल्ली अकोट्याच्या मावशीकडे, आणि मधल्या रस्त्यांवर पाणी. वीज नाही, फोन लागत नाही. शेवटी त्याच इमारतीतल्या एका मुलाने त्यांच्या सांगण्यावरून कुलूप तोडलं. जून ते सप्टेंबर एक किल्ली त्याच इमारतीत किंवा पाण्यातून चालत जाता येईल एवढ्या जवळ हवी. पाच दिवसांचं जास्तीचं कोरडं खाणं, वाळूची एक पिशवी आणि पाण्याची मोठी कळशी घरात हवी. तळमजल्यावर राहत असाल तर पावसाळ्यात मांजर एकटं ठेवून जाऊ नका, वरच्या मजल्यावरच्या कुणाकडे सोपवा.

नवरात्रात आणि दिवाळीत आवाजाचा त्रास असतो. रस्त्याकडची खोली बंद करून आतली खोली द्यायची, पडदे ओढायचे. यापलीकडे फारसं हातात नसतं.

कॅमेरा आणि आपोआप वाढणारं यंत्र

कॅमेरा उपयोगी आहे, तो वाळूच्या डब्यावर रोखून ठेवा. यंत्र दाणे ओतेल, पण खाल्ले की नाही, लघवी झाली की नाही हे सांगणार नाही, आणि वीज गेली किंवा दाणा अडकला की तेही नाही. माणसाच्या दोन फेऱ्यांपैकी एकही फेरी यंत्रामुळे कमी करू नका.

मांजर दुसरीकडे ठेवणं

वरचं सगळं जमत नसेल तरच हा मार्ग. मांजराचा जीव माणसाइतकाच जागेत असतो, म्हणून नव्या जागी न खाण्याची शक्यता वाढते. नातेवाइकांकडे ठेवत असाल तर पहिले तीन दिवस एकच बंद खोली, त्यात आपली वाळू, आपलं भांडं, आपली चादर. पैसे देऊन ठेवायचं असेल तर आधी स्वतः जाऊन बघा. कुत्र्यांचा आवाज मांजरांच्या खोलीत येतो का? रात्री तिथे माणूस झोपतं का? लसींची नोंदवही मागतात का? जे मागत नाहीत त्यांच्याकडे ठेवू नका, कारण मग शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजरालाही त्यांनी विचारलेलं नाही. रेबीज आणि तिहेरी लस, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसीविरुद्धची, दोन्ही हव्यात. लस पहिल्यांदाच द्यायची असेल तर तिहेरी लसीचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी असतो, त्यामुळे प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी सुरुवात. कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, दोन आठवडे आधीपासून घरात उघडं ठेवून त्यात खायला घाला. ऐनवेळी कोंबलेलं मांजर वाटेतच अर्धं आजारी होतं.

इथे थांबा आणि डॉक्टरला बोलवा

बोक्याची अडलेली लघवी आणि दोरा हे वर सांगितलं. शिवाय:

मोठ्या मांजराच्या पोटात पूर्ण २४ तास काहीच गेलं नाही तर डॉक्टरला फोन. चार महिन्यांखालचं पिल्लू असेल तर १२ तासच. लठ्ठ मांजराच्या बाबतीत "जाड आहे, दोन दिवस उपाशी राहिलं तर काय होतं" असं म्हणणारे भेटतात. उलट त्यालाच धोका जास्त: उपासात अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत बंद पडत जातं. कान, हिरड्या पिवळट दिसल्या तर ते पुढे गेलेलं आहे.

तोंड उघडं ठेवून धापा टाकणं, मागचे पाय एकाएकी ओढत चालणं, दिवसात तीन-चारदा उलटी, लघवीत रक्त: वाट बघायची नाही.

घरातली माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. बळेबळे तोंडात पाणी किंवा पेज ओतू नका, ती फुप्फुसात जाते. प्रवासाला किंवा भीतीला औषध लागलं तर डॉक्टर मांजराच्या वजनावर ठरवून देतात.

आपल्या राज्यात १९६२ हा पशु-रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. ती मुख्यतः रस्त्यावरच्या निराधार प्राण्यांसाठी आहे, तेव्हा पाळीव मांजराचा सगळा भरवसा तिच्यावर ठेवू नका. मोठं काही असेल तर आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, निघण्याआधी फोन करून वेळ विचारा. रात्री कोण येतं हे मात्र आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना तुम्ही गावात असतानाच विचारून ठेवा.

सांभाळणाऱ्याला सगळ्यात मोठी अडचण पैशांची आणि परवानगीची येते. शस्त्रक्रियेला होकार कुणी द्यायचा, खर्च कुणी करायचा, म्हणून माणूस सकाळपर्यंत थांबतो. एका कागदावर सही करून ठेवा: माझ्या गैरहजेरीत अमुक यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचारांचा निर्णय घ्यावा, खर्च माझा. सोबत पाकिटात रोख रक्कम, लसींची वही, मांजराचं वजन, आधीचे आजार. कॅरिअर दाराजवळ, माळ्यावर नाही.

परत आल्यावर मांजर पाठ करून बसलं तर बसू द्या. आल्याआल्या मासळीची मेजवानी नको, नेहमीचं खाणं, नेहमीची वेळ. गादीवर लघवी केलेली आढळली तर रागावू नका आणि लगेच धुऊही नका. आधी डागाला गुलाबी छटा आहे का ते उजेडात बघा, फोटो काढा, आणि दुसऱ्या दिवशीही वाळूबाहेरच करत असेल तर तोच फोटो घेऊन लघवी तपासायला जा.